फोटोत नाडी दिसत नाही

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचे पहिले पाऊस पडून गेले होते आणि झाडांवर उरलीसुरली जांभळं होती. खडवलीच्या परिसरातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मी तेव्हा वैद्यकीय अधिकारी होतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास एक बाप सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आला. मुलगा दुपारी जांभळाच्या झाडावरून पडला होता. उजव्या कोपराला बांबूच्या कामट्या लावून पट्टा आवळून बांधलेला, हात गळ्यात अडकवलेला. बापाच्या दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मोठं पाकीट होतं.

"डॉक्टर, हाताचा फोटो काढून आनलाय. बघा ना."

पाड्याजवळच्या हाडवैद्यानं हात बांधून दिला होता. तरी मुलगा रडायचा थांबेना, म्हणून बापानं त्याला नेऊन एक्स-रे काढला. एक्स-रेवाल्यानं 'हाड मोडलंय, डॉक्टरला दाखवा' एवढंच सांगितलं आणि तो तसाच माझ्याकडे आला. मी फिल्म खिडकीकडे धरली. दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडलेलं आणि खालचा तुकडा मागे सरकलेला. मोड दिसत होती. पण मी फिजिशियन, हाडांचा डॉक्टर नाही. हे कल्याणला निभेल, की थेट मुंबईला पाठवायचं? आत्ताच पाठवायचं, की सकाळी पाठवलं तर चालेल? बाप मजुरीवर जाणारा. बाहेर पाऊस. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात यायला अजून बरीच वर्षं होती, ती आली २०१४ साली. कसाऱ्याकडच्या लोकल तेव्हाही मोजक्याच.

माझ्याकडे दोन मेगापिक्सेलचा एक स्वस्तातला डिजिटल कॅमेरा होता, घरच्या कार्यासाठी घेतलेला. मुलाला दुखणं कमी व्हायचं औषध दिलं, फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली आणि तिचे चार फोटो काढले. आपल्याकडे गावात एक्स-रेलाच 'फोटो' म्हणतात, तेव्हा हा फोटोचा फोटो झाला. कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन आमचा औषधनिर्माता मोटारसायकलवरून सायबर कॅफेत गेला आणि त्यानं ते फोटो मुंबईतल्या माझ्या एका मित्राला ईमेलनं पाठवले. मित्र अस्थिरोगतज्ज्ञ. त्याला मी आधीच फोन करून ठेवला होता.

अर्ध्या तासानं त्याचा फोन आला. मला वाटलं, आता तो मोडीचं नाव सांगेल, प्रकार सांगेल. त्यानं विचारलं, "हाड दिसलं रे. मनगटाची नाडी लागते का?"

मी गप्प. नाडी मी पाहिलीच नव्हती. 'बांधलेलं आहे, सोडलं तर पोर कळवळेल' असं म्हणून पट्ट्याला हातही लावला नव्हता. फोन बाजूला ठेवून मुलाजवळ गेलो. बोटं गार होती. नख दाबून सोडलं, तर पांढरं पडलेलं लवकर गुलाबी होईना. मनगटावर नाडी लागत नव्हती. बोटं सरळ करायला गेलो तर मुलगा किंचाळला.

"पट्टा काप. कोपर फार वाकवलेलं असेल तर हळूच थोडं सरळ कर. मग परत बघ," मित्र म्हणाला. कामट्या काढल्या, कोपर अर्धवट सरळ केलं, तसाच पुठ्ठ्याचा आधार दिला. दोन-तीन मिनिटांनी बोटाखाली बारीकशी नाडी लागली. तशीच केंद्राची गाडी काढली. मित्रानं तिकडे ऑपरेशन थिएटर तयार ठेवलं, कारण फोटोवरून त्याला काय करावं लागणार हे कळलं होतं. रात्रीच हाड बसवून तारा घातल्या. काही आठवड्यांनी तारा काढल्यावर बाप मुलाला माझ्याकडे घेऊन आला. मी त्याला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायला सांगितलं. त्यानं केला, आणि हसून परत केला.

एक्स-रेचा फोटो दूरच्या तज्ज्ञाला पाठवणं ही केवढी सोय आहे, आणि तिच्यात कुठं फसायला होतं, हे दोन्ही मी त्या संध्याकाळी शिकलो. आज प्रत्येकाच्या खिशात त्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी चांगला कॅमेरा आहे. डॉक्टर एकमेकांना फोटो पाठवतात, तसे तुम्हीही पाठवता: पुण्यातल्या भाच्याला, अमेरिकेतल्या जावेच्या मुलाला, सोसायटीतल्या डॉक्टरांना. म्हणून हा विषय फक्त डॉक्टरांचा राहिलेला नाही.

हातच का जाऊ शकतो?

लहान मुलांच्या कोपराजवळची ही मोड फार नेहमीची. पाच ते सात या वयात सर्वांत जास्त. झाडावरून, झोक्यावरून, ओट्यावरून पडताना मूल हात पुढे टेकतं आणि दंडाचं हाड त्याच्या सर्वांत पातळ भागात मोडतं. त्या हाडाच्या अगदी पुढून हाताला रक्त पुरवणारी मुख्य धमनी जाते, शेजारून मज्जातंतू जातात. मोडलेल्या हाडाचं टोक धमनीवर दाबलं, किंवा सुजलेल्या हाताला घट्ट पट्टा बसला आणि कोपर जास्त वाकवून ठेवलं, तर पुढचा रक्तपुरवठा तुटतो. स्नायू साधारण सहा तासांपलीकडे रक्ताशिवाय तग धरत नाहीत. नंतर ते आखडतात आणि बोटं पंजासारखी वळून कायमची राहतात. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. माझ्या नोकरीत असे हात मी पाहिले आहेत. त्यातले बरेचसे मोडीमुळे नव्हे, तर न सोडलेल्या पट्ट्यामुळे गेले होते.

यातलं एक्स-रेमध्ये काय दिसतं? फक्त हाड. धमनी दिसत नाही, रक्त वाहतंय की नाही ते दिसत नाही, बोटांचा गारवा दिसत नाही. आणि जे मूळ फिल्ममध्येच नाही, ते तिच्या फोटोत कुठून येणार?

पाठवण्याची रीत जुनीच

एक्स-रे दुसऱ्याला पाठवून दाखवणं हे जवळजवळ एक्स-रेइतकंच जुनं आहे. विल्हेल्म रोंटगेन यांना या किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लागला. डिसेंबरमध्ये त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं आणि १ जानेवारी १८९६ ला आपल्या शोधनिबंधाच्या प्रतींबरोबर काही चित्रं युरोपातल्या ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालानं पाठवून दिली. १९४८ मध्ये अमेरिकेत वेस्ट चेस्टर आणि फिलाडेल्फिया यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून एक्स-रेची चित्रं पाठवली गेली. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. खडवलीहून ठाणं रेल्वेनं साधारण तेवढंच.

आपल्याकडे या कामाला जोर आला तो उपग्रहामुळे. २००० साली आंध्र प्रदेशातल्या आरगोंडा या गावातलं रुग्णालय चेन्नईच्या मोठ्या रुग्णालयाशी जोडलं गेलं. पुढे इस्रोनं देशभर असे दुवे उभे केले. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम रुग्णालय मुख्य केंद्र धरून सिंधुदुर्ग, नंदुरबार यांसारखी लांबची जिल्हा रुग्णालयं जोडण्यात आली. त्यासाठी छपरावर तबकडी, स्कॅनर, खास खोली, प्रशिक्षित माणूस असा सरंजाम लागे. जिल्हा रुग्णालयाला तो परवडतो. पाड्याशेजारच्या आरोग्य केंद्राला कुठून परवडणार?

त्याच सुमारास दुसरा एक साधा मार्ग निघाला होता. ब्रिटनमधल्या स्विनफेन चॅरिटेबल ट्रस्टनं १९९९ मध्ये ढाक्याजवळच्या पक्षाघातग्रस्तांच्या पुनर्वसन केंद्राशी दुवा जोडला. साहित्य काय, तर एक डिजिटल कॅमेरा, एक तिकाटणं आणि ईमेल. रुग्णाचा, त्याच्या एक्स-रेचा फोटो काढायचा, सोबत चार ओळींत हकीकत लिहायची आणि स्वेच्छेनं वेळ देणाऱ्या तज्ज्ञाला पाठवायची. समोरासमोर बोलणं नाही, चलच्चित्र नाही. तज्ज्ञाला जमेल तेव्हा तो उत्तर देई. गरीब देशांतल्या अनेक रुग्णालयांना पुढे याच रीतीचा उपयोग झाला. मी खडवलीला जे केलं ते याहून वेगळं काही नव्हतं, फक्त तेव्हा मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

या सगळ्याची गरज आपल्याकडे का आहे, तेही पाहू. सपाटीवर साधारण तीस हजार आणि आदिवासी वा डोंगराळ भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा आपला निकष आहे. तिथं एक्स-रे यंत्र नसतं. ते ग्रामीण रुग्णालयात भेटतं. पण एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, तिथंही सहसा नसतो. फिल्म तंत्रज्ञ काढतो आणि ओपीडीतला डॉक्टर आपल्या अनुभवानं वाचतो. टिटवाळा, आंबिवली, शहाड आणि मग कल्याण. खडवलीहून कल्याण अवघं चौथं स्थानक, पण रात्री अकरा वाजता, पावसात, मोडलेला हात घेऊन ते फार लांब असतं.

कॅमेरा काय गमावतो

एक्स-रेची फिल्म म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटांचा मोठा पसारा. हाडाजवळ ती जवळजवळ पारदर्शक असते. शरीराबाहेरच्या काळ्याकुट्ट भागातून मागच्या उजेडाचा हजारावा हिस्साही पलीकडे येतो न येतो. माणसाचा डोळा सरावानं दोन्हीकडे पाहून घेतो. साधा कॅमेरा मात्र सरासरी काढतो. हाड नीट आलं तर फुप्फुस डांबरासारखं काळं होतं. फुप्फुस उजळलं तर हाडं पांढरीफटक पडतात.

दुसरी गोष्ट बारकाव्याची. छातीच्या मोठ्या फिल्मची उंची सुमारे ४३ सेंटिमीटर. माझ्या त्या जुन्या कॅमेऱ्यात लांबीच्या दिशेनं १,६०० ठिपके. म्हणजे एक ठिपका फिल्मवरच्या पाव मिलिमीटरहून थोड्या मोठ्या भागाचा. केसाएवढी बारीक चीर त्यात हरवून जाणारच. आजच्या फोनमध्ये ठिपके भरपूर आहेत, पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ते ॲप त्याचा आकार कमी करतं. आपण टिपलेला बारकावा वाटेतच गळतो.

तिसरी गोष्ट, आताच्या डिजिटल एक्स-रेची. मूळ फाईलमध्ये राखाडी रंगाच्या हजारो छटा साठवलेल्या असतात, बहुधा ४,०९६. तज्ज्ञ आपल्या पडद्यावर त्यांतल्या हव्या तेवढ्या उघडून पाहतो, कधी हाडं, कधी फुप्फुसं. फोनच्या साध्या फोटोत राखाडीच्या उरतात २५६. सीटी स्कॅनचं तर विचारूच नका. तिथं शेकडो काप असतात, फिल्मवर त्यातले निवडक छापतात, आणि आपण त्या फिल्मचा फोटो काढतो. एवढ्या चाळण्यांतून गाळलेल्यावर मत मागणं तज्ज्ञावरही अन्याय आहे.

याचा अर्थ फोटो निरुपयोगी असा नाही. जागेवरून सरकलेली मोड, निखळलेला सांधा, छातीत साठलेलं भरपूर पाणी, फुप्फुसाबाहेर सुटलेली बरीचशी हवा, पोटात वा घशात गेलेलं नाणं, या गोष्टी नीट काढलेल्या फोटोत बहुतेक वेळा कळतात. न कळणाऱ्यांची यादीही लक्षात ठेवावी. केसासारखी चीर, थोडीशी हवा, सुरुवातीचा क्षयरोग. क्षयाचा एक प्रकार असा असतो की दोन्ही फुप्फुसांत एक ते तीन मिलिमीटरचे असंख्य ठिपके पसरतात, जणू कुणी वरी पेरली आहे. त्याचं वैद्यकातलं नावही धान्याच्या बारीक दाण्यावरूनच पडलं आहे. अंधूक फोटोत हे दाणे मिसळून जातात आणि फुप्फुसं फक्त जरा धुरकट दिसतात.

नाण्याचंच घ्या. मुलानं नाणं गिळलं म्हणून एक्स-रे काढतात. गोल पांढरी चकती दिसते. पण रिमोटमधला किंवा खेळण्यातला चपटा सेलही तसाच गोल. फरक एवढाच की सेलच्या कडेला दुहेरी रेघ दिसते, वर्तुळात वर्तुळ. नाणं पोटात उतरलं असेल तर सहसा वाट पाहता येते. सेल अन्ननलिकेत अडकला असेल तर दोन तासांत आतली त्वचा जळू लागते. त्या मुलाचं भवितव्य एका बारीक रेघेवर, आणि ती रेघ हललेल्या फोटोत पुसली जाते.

झाकलेलं अक्षर

माझी दुसरी चूक अधिक भीतीदायक होती. नाशिक महामार्गावर दुचाकीवरून पडलेला एक तरुण. दम लागलेला, ओठ निळसर. छातीला स्टेथोस्कोप लावला तर उजवीकडे हवेचा आवाज जवळजवळ नाही. एक्स-रे आला. तोवर हातात कॅमेऱ्याचा फोन आला होता. घाईत फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावली. रुग्णाचं नाव बाहेर जायला नको म्हणून त्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवली, फोटो काढला आणि वरिष्ठांना पाठवला: 'छातीचा एक्स-रे, मत द्यावं.'

उत्तर लगेच आलं. 'डाव्या बाजूला हवा भरली आहे. ताबडतोब नळी घाला.'

डाव्या बाजूला? माझे कान उजवी म्हणत होते. परत स्टेथोस्कोप लावला. उजवीच. व्ह्यू बॉक्सजवळ जाऊन पट्टी काढली, आणि खाली 'आर' हे अक्षर उलटं दिसलं. एक्स-रे काढताना बाजू कळावी म्हणून शिशाचं अक्षर ठेवतात, उजव्याला 'आर', डाव्याला 'एल'. मी फिल्म पालथी लावली होती, आणि नाव झाकताना नेमकं तेच अक्षर झाकलं होतं. एरवी हृदयाच्या जागेवरून तज्ज्ञाच्या ध्यानात आलं असतं. पण छातीत साठलेल्या हवेनं हृदय पलीकडे ढकललेलं होतं, त्यामुळे पालथ्या चित्रातही सगळं जुळूनच दिसत होतं. नळी उजवीकडे घातली, हवेचा फसफस आवाज झाला आणि तरुणाचा श्वास सुधारला.

वरिष्ठांची यात काहीच चूक नव्हती. त्यांना जे दाखवलं ते त्यांनी अचूक वाचलं. चूक माझ्या फोटोत होती, आणि माझ्या प्रश्नातही. 'उजवीकडे हवेचा आवाज येत नाही, उजवीकडे नळी घालू का?' असं विचारलं असतं तर त्यांनी तिथंच थांबवलं असतं.

फोटो पाठवायचाच तर

दोन चुकांतून आणि नंतरच्या सरावातून मी जे शिकलो, ते आता शिकाऊ डॉक्टरांना सांगतो. तुम्हालाही उपयोगी पडेल.

सर्वांत आधी मूळ फाईल मागा. बऱ्याच ठिकाणी आता एक्स-रे डिजिटल असतो आणि सीडी किंवा लिंक मिळू शकते. मूळ मिळत असेल तर फोटोचा फोटो कशाला? संगणकाच्या पडद्याचा फोटो तर टाळाच, त्यावर आडव्या-तिरक्या लाटांसारख्या रेघा येतात.

फिल्मच असेल तर ती व्ह्यू बॉक्सवर लावा. नसेल तर ढगाळ आभाळ दिसणारी खिडकी चालते. मागे झाड, गज, इमारत नको आणि थेट ऊनही नको. रात्री लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडून त्यावर पातळ पांढरा कागद आणि त्यावर फिल्म ठेवता येते. ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेल्या फोटोत मधोमध एक पांढरा पट्टा येतो, बाकी काही नाही.

खोलीतले दिवे घालवा. फ्लॅश बंद. फोन फिल्मच्या अगदी समोर, सरळ धरा, तिरका नको. हात टेकवा, म्हणजे हलणार नाही. एक फोटो चारही कोपरे दिसतील असा पूर्ण फिल्मचा, आणि दुसरा जिथं शंका आहे त्या भागाचा, जवळ जाऊन. झूम करू नका. दोन बाजूंनी एक्स-रे काढले असतील तर दोन्ही पाठवा. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूनं पाहिलं तर मोडलेलं निघतं, हे नेहमीचंच.

नाव झाका, पण बाजूचं अक्षर झाकू नका, आणि ते सुलटं वाचता येतंय ना ते पाहा. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे आकार कमी होत नाही. आणि पाठवण्याआधी तो स्वतःच्या फोनवर मोठा करून पाहा. तुम्हालाच अंधूक दिसत असेल तर पलीकडे काय दिसणार?

आता सर्वांत महत्त्वाचं, फोटोखालच्या चार ओळी. रुग्णाचं वय, स्त्री की पुरुष. काय झालं आणि कधी. तपासणीत काय आढळलं. आणि एकच, नेमका प्रश्न. 'काय वाटतं?' हा प्रश्न नव्हे. 'आज रात्री हलवायला हवं का?' हा प्रश्न आहे. दूरच्या तज्ज्ञाला फोटोवरून संपूर्ण निदान मागू नये. पुढचं पाऊल कोणतं, एवढं विचारावं. तेवढं उत्तर देण्याची ताकद फोटोत असते.

जबाबदारी कोणाची?

२५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी देशात पहिल्यांदा अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली. त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे. एका डॉक्टरनं दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी उपचार करणारा डॉक्टर पहिलाच, आणि उपचाराची जबाबदारीही त्याचीच. रुग्णाची संमती आणि सल्ल्याची नोंद ठेवणंही आवश्यक आहे. तातडीच्या प्रसंगी प्रत्यक्ष उपचार मिळण्याजोगा असेल तर दूरच्या सल्ल्यावर वेळ घालवू नये. तो सल्ला प्रथमोपचार, जीव वाचवणारे उपाय आणि कुठं पाठवायचं एवढ्यापुरता, असंही त्यात म्हटलं आहे.

मला हे नियम योग्य वाटतात, कारण ते माझ्या दोन्ही अनुभवांशी जुळतात. दोन्ही वेळा दूरचा माणूस हुशार होता आणि जवळचा, म्हणजे मी, कमी पडलो होतो. पहिल्या वेळी त्यानं मला रुग्णाकडे परत पाठवलं. दुसऱ्या वेळी रुग्णाच्या छातीवर ठेवलेल्या स्टेथोस्कोपनं मला थांबवलं. फोटोनं जवळच्या डॉक्टरचं काम कमी होत नाही. उलट त्याला पाहून, हात लावून, नेमकं सांगावं लागतं.

केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटींहून अधिक सल्ले दिले गेले. गावच्या उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी शहरातल्या डॉक्टरला रुग्ण दाखवू शकते. छातीच्या एक्स-रेमधून क्षयरोगाचा संशय टिपणारे संगणक प्रोग्राम आले आहेत. पंधरा वर्षांवरच्यांच्या चाळणी तपासणीसाठी त्यांचा वापर करायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिली. तरीही निदान थुंकीच्या तपासणीनंच पक्कं करायचं असतं. हे सगळं मला हवंच आहे. रेडिओलॉजिस्ट प्रत्येक तालुक्याला मिळेपर्यंत थांबणं आपल्याला परवडणार नाही.

फक्त एवढं करा. हात-पाय मोडला असेल आणि बोटं गार किंवा निळी पडली असतील, मुंग्या येत असतील, बोटं हलत नसतील, पट्ट्यात वेदना वाढतच चालली असेल, तर फोटोच्या उत्तराची वाट पाहू नका. नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर पट्टा सैल करा आणि निघा. छातीला मार लागून दम लागत असेल, किंवा मुलानं चपटा सेल गिळल्याची नुसती शंका असेल, तरीही निघा. फोटो वाटेतून पाठवता येईल, आणि तेव्हा तो खरोखर कामाला येईल, कारण पलीकडचा माणूस तयार राहील.

माझा तो मित्र अजून मुंबईत हाडं बसवतो. रात्री-अपरात्री त्याला दिवसाकाठी कितीतरी फोटो येतात. परवा सहज विचारलं, उघडल्यावर आधी काय बघतोस? तो म्हणाला, "आधी उघडतच नाही. फोन करून विचारतो, बोटं गरम आहेत ना?"